पंतप्रधानांचे प्रधान सचिव करतात तरी काय?

साताऱ्यात आमदारांकडे काम असलेला शहाणा माणूस आमदारांना फोन करत नाही. तो आधी पीएला गाठतो. "साहेब गुरुवारी जिल्ह्यात आहेत का? आमचा कागद त्यांच्यापुढं गेला का? गेला असेल तर काय म्हणाले?" पीए मुरलेला असेल तर सांगतो, "आज नका येऊ. सकाळपासून तीन शिष्टमंडळं झालीत, साहेब वैतागलेत. परवा नवाला या, मी आत सोडतो." कागद तोच, मागणी तीच, पण परवा नवाला काम होऊन जातं. ही किमया कुठल्याही शासन निर्णयात लिहिलेली नसते.

मी महसूल खात्यात कारकून म्हणून लागलो आणि नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. फाइल खालून वर कशी सरकते, कुठे अडते आणि का अडते, हे अंगवळणी पडलेलं. माझा पुतण्या पोवई नाक्याजवळच्या अभ्यासिकेत यूपीएससीचा अभ्यास करतो. त्यानं मागच्या महिन्यात जेवताना विचारलं, "काका, पंतप्रधानांचा प्रिन्सिपल सेक्रेटरी मोठा की कॅबिनेट सेक्रेटरी?" मी तोंडातला घास गिळायच्या आत उत्तर दिलं, आणि ते निम्मं चुकीचं निघालं. मग नीट वाचून काढलं. त्यातलं जे समजलं ते इथे लिहितो.

पहिला गोंधळ नावाचा. मुंबईत मंत्रालयात गेलात तर 'प्रधान सचिव' अशा पाट्या बऱ्याच दिसतात. तिथे तो हुद्दा आहे. सचिवाच्या वर, अपर मुख्य सचिवाच्या खाली. दिल्लीतले 'पंतप्रधानांचे प्रधान सचिव' हे निराळं प्रकरण. ते पंतप्रधान कार्यालयाचे, म्हणजे पीएमओचे, प्रशासकीय प्रमुख. त्यांच्या हाताखाली अतिरिक्त सचिव, सहसचिव, संचालक, उपसचिव अशी उतरंड असते आणि प्रत्येक सहसचिवाकडे काही मंत्रालयं वाटून दिलेली असतात. पंतप्रधानांचे खासगी सचिव वेगळे. दिवसाचा कार्यक्रम, भेटी, दौरे, फोन हे त्यांच्याकडे. ओएसडी, म्हणजे विशेष कार्य अधिकारी, आणखी वेगळे. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार तर स्वतंत्र संस्थानच.

शिवाय पीएमओत एक राज्यमंत्रीही असतो. हे आपल्याकडे लोकांना पटकन आठवायला हवं, कारण २००४ ते २०१० या काळात ते काम कऱ्हाडच्या पृथ्वीराज चव्हाणांकडे होतं. तिथूनच ते मुख्यमंत्री होऊन मुंबईला आले. पण राज्यमंत्री हा राजकीय माणूस. संसदेत प्रश्न आला की उभं राहून उत्तर त्यानं द्यायचं. प्रधान सचिव संसदेत कधी उभा राहत नाही. त्याचं नाव पेपरात यायचं ते नेमणुकीच्या दिवशी आणि जाण्याच्या दिवशी. मधल्या काळात आलं तर काहीतरी बिघडलंय असं समजावं.

आता गंमत बघा. राज्यघटनेत या कार्यालयाचा उल्लेखच नाही. केंद्र सरकारची कामं कुठल्या खात्यानं करायची याची १९६१ ची कार्यवाटप नियमावली आहे. तिच्यात एकेका मंत्रालयाच्या कामांची लांबलचक यादी दिलेली आहे. पंतप्रधान कार्यालयापुढे एकच ओळ: पंतप्रधानांना सचिवालयीन साहाय्य पुरवणे. संपलं. आमच्या तहसील कचेरीतल्या आवक-जावक टेबलाचं काम याच्यापेक्षा सविस्तर लिहिलेलं होतं.

मग या एका ओळीच्या कार्यालयापुढे मोठमोठे मंत्री का वचकून असतात? उत्तर फाइलच्या वाटेत आहे.

समजा, एखाद्या मंत्रालयाकडून मोठा प्रस्ताव निघाला. चाळीस पानी, सोबत जोडपत्रं. तो पीएमओत आला की त्या विषयाचा सहसचिव तो वाचतो आणि अर्ध्या-पाऊण पानाची टिपणी लिहितो. ती प्रधान सचिवांकडे जाते. ते एक तर आपलं मत घालून पंतप्रधानांपुढे ठेवतात, किंवा एक प्रश्न लिहून फाइल मंत्रालयाकडे परत धाडतात, किंवा ठेवून घेतात. चाळीस पानांचं अर्धं पान होताना काय राहिलं आणि काय गळलं, हा पहिला अधिकार. आज ठेवायची की अधिवेशन झाल्यावर, हा दुसरा. दहा फाइलींमध्ये पहिली कोणती, हा तिसरा. सही मात्र कायम दुसऱ्याची.

नोकरीत 'चर्चा करावी' हा शेरा मी शेकड्यांनी पाहिला. साहेबानं फाइलवर तेवढंच लिहायचं आणि फाइल खाली यायची. चर्चेला साहेबांची वेळ मिळणार नाही हे साहेबांना ठाऊक, कारकुनाला ठाऊक, फाइलीला बहुतेक त्याच्याही आधी ठाऊक. प्रस्ताव कुणी नाकारला नाही, पण तो मेला. दिल्लीत शेऱ्याचे शब्द वेगळे असतील, जात एकच.

सामान्य माणसाचा या कार्यालयाशी संबंध बहुधा एकाच कारणानं येतो. घरात कुणाला कॅन्सर किंवा हृदयाचं मोठं ऑपरेशन निघतं आणि कुणीतरी सांगतं, पंतप्रधान मदत निधीला अर्ज कर. हा निधी जानेवारी १९४८ मध्ये नेहरूंच्या आवाहनातून उभा राहिला, फाळणीनं उघड्यावर पडलेल्या लोकांसाठी. त्याचा कारभार पीएमओतूनच चालतो आणि तिथला एक सहसचिव निधीचा सचिव म्हणून मानद काम बघतो. मंजूर रक्कम थेट रुग्णालयाकडे जाते. म्हणजे माण-खटावच्या एखाद्या रुग्णाचा कागद आणि अणुकराराचा कागद एकाच इमारतीत फिरतात. दोन्हींवर कुणीतरी टिपणी लिहितं.

नियमांचं ज्ञान किती वर नेऊ शकतं, हे महाराष्ट्रानं एकदा भल्या पहाटे पाहिलं आहे. केंद्राचे कामकाजाचे नियम आहेत, तेही १९६१ चेच. राष्ट्रपती राजवट उठवायची तर विषय मंत्रिमंडळापुढे जायला हवा. पण त्याच नियमांत बारावा नियम आहे. गरज पडल्यास पंतप्रधान इतर नियमांना मुरड घालू शकतात, मंत्रिमंडळाची मान्यता मागाहून घेता येते. २३ नोव्हेंबर २०१९ ला हाच नियम वापरून महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी उठली आणि लोक चहा घेतात तोवर राजभवनावर शपथविधी उरकला होता. त्या शपथविधीचं पुढे काय झालं ते सगळ्यांना पाठ आहे. मला त्यात दिसला तो बारावा नियम. अपरात्री असा नियम सुचणारी माणसं नेत्याजवळ असावी लागतात, मग तो कुठल्याही पक्षाचा असो.

हे पद आजच्या रूपात एकदम आलं नाही. नेहरूंच्या काळात एम. ओ. मथाई नावाचे विशेष सहायक होते. १९४६ पासून नेहरूंच्या घरातलेच झालेले. ते ना निवडून आलेले, ना स्पर्धा परीक्षेतून आलेले, पण नेहरूंपर्यंतचा रस्ता त्यांच्या टेबलावरून जायचा. पदाचा गैरफायदा घेतल्याचे आरोप झाले आणि १९५९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पुढे १९६४ मध्ये शास्त्रीजी आले. त्यांनी एल. के. झा या जुन्या आयसीएस अधिकाऱ्याला आपले सचिव नेमलं आणि या कामाला सरकारी वजन आलं. नंतर झा रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले. हल्ली उलट्या दिशेचाही प्रवास दिसला: शक्तिकांत दास आधी गव्हर्नर होते, २०२५ मध्ये पंतप्रधानांचे दुसरे प्रधान सचिव झाले.

पण हे पद खऱ्या अर्थानं मोठं केलं पी. एन. हक्सरांनी. मूळचे वकील, मग परराष्ट्र सेवेत. इंदिरा गांधींची लंडनपासूनची ओळख. १९६७ मध्ये त्या हक्सरांना आपल्या सचिवालयात घेऊन आल्या. तेव्हा इंदिराबाईंना त्यांच्याच पक्षातले बुजुर्ग हलक्यात घेत होते. हक्सरांनी त्यांना विचारांची चौकट दिली आणि ती कागदावर उतरवणारी माणसं गोळा केली. १९ जुलै १९६९ ला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण वटहुकमानं झालं. ऑगस्ट १९७१ मध्ये सोव्हिएत रशियाशी करार झाला. मग बांगलादेशचं युद्ध, मग १९७२ चा सिमला करार. या प्रत्येक ठिकाणी मसुद्यावर हक्सरांचा हात होता. मंत्र्यांना बातमी कळायच्या आधी त्यांना ठाऊक असायची, असा तो काळ.

आणि १९७३ च्या सुरुवातीला ते त्या खुर्चीतून गेले. संजय गांधींच्या मोटार कारखान्याबद्दलची त्यांची नापसंती लपून राहिली नव्हती. पुढे ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले, म्हणजे मान होता. तरी आणीबाणीत, १९७५ च्या जुलैत, दिल्लीच्या कनॉट प्लेसमधल्या त्यांच्या नातलगांच्या जुन्या दुकानावर छापे पडले आणि त्यांच्या वयोवृद्ध काकांना अटक झाली. ज्या कार्यालयाला त्यांनी ताकद मिळवून दिली, त्याच कार्यालयाच्या सावलीत हे झालं. पुतण्याला मी हा भाग दोनदा सांगितला. त्याला बँकांच्या राष्ट्रीयीकरणाची तारीख परीक्षेसाठी हवी होती, मला हा छापा सांगायचा होता.

जनता सरकार आलं तेव्हा मोरारजीभाईंनी 'पंतप्रधान सचिवालय' हे नाव बदलून 'पंतप्रधान कार्यालय' केलं, बोजा कमी झाल्याचं दाखवायला. प्रधान सचिव मात्र आणले व्ही. शंकर, म्हणजे एकेकाळचे सरदार पटेलांचे खासगी सचिव. पाटी बदलली, काम तेच राहिलं.

पी. सी. अलेक्झांडर आपल्याला महाराष्ट्राचे राज्यपाल म्हणून ठाऊक. त्याआधी ते इंदिरा गांधींचे आणि नंतर राजीव गांधींचे प्रधान सचिव होते. १९८५ च्या जानेवारीत गुप्त कागद बाहेर विकले जात असल्याचं प्रकरण उघडकीस आलं आणि त्यात त्यांच्याच कार्यालयातली माणसं सापडली. अलेक्झांडर यांनी जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. कागदाची झेरॉक्स कुठल्या टेबलावर निघते हे साहेबाला ठाऊक नसतं, पण त्याची किंमत साहेब मोजतो. हे तहसीलला खरं आणि दिल्लीलाही.

मराठी माणूसही या खुर्चीत बसून गेला. बी. जी. देशमुख आधी कॅबिनेट सचिव होते, मग प्रधान सचिव. १९८९ ते १९९० एवढ्या थोड्या काळात त्यांनी राजीव गांधी, व्ही. पी. सिंग आणि चंद्रशेखर असे तीन पंतप्रधान पाहिले. एकमेकांचं तोंड न बघणारे नेते, आणि मधे अधिकारी एकच. असं हल्ली होत नाही. वाजपेयींचे ब्रजेश मिश्र १९९८ ते २००४ पूर्ण काळ त्यांच्याच सोबत, वर पहिले राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारही तेच. वाजपेयी गेले, तेही गेले.

इथे सातारकर म्हणून एक आडवळण घेतो. सेवक धन्यापेक्षा मोठा कसा होतो, हे बघायला आपल्याला दिल्लीला जावं लागत नाही. शाहू छत्रपतींनी १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांना पेशवे नेमलं. १७४९ मध्ये शाहू महाराज साताऱ्यात वारले. पुढच्याच वर्षी सांगोल्याचा करार झाला आणि कारभार पुण्याला गेला. तरी नवा पेशवा झाला की पेशवाईची वस्त्रं साताऱ्याहूनच आणावी लागत. सत्ता पुण्यात, शिक्का साताऱ्यात. चिट्ठ्या लिहिणारा तो चिटणीस, आणि आज पक्षांचे सरचिटणीस स्वतः पत्र लिहीत नाहीत, हाही त्याच वाटेवरचा प्रवास. उलट बाजूला रंगो बापूजी. १८३९ मध्ये इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढून काशीला धाडलं. त्यांचा वकील म्हणून रंगो बापूजी लंडनला गेले आणि सुमारे १४ वर्षं तिथे झगडत राहिले. महाराज १८४७ मध्ये गेले, १८४८ मध्ये संस्थानही खालसा झालं, तरी हा माणूस तिथेच. साताऱ्यातल्या चार भिंती हुतात्मा स्मारकाला संध्याकाळी फिरायला जाणाऱ्या कितीजणांना हे आठवत असेल, कोण जाणे.

असो. पुतण्याचा खरा प्रश्न पोटात वेगळाच होता: तिथवर पोचतात कसे?

बहुतेकांची सुरुवात आपल्या ओळखीच्या खुर्चीत होते. परीक्षा पास, मसुरीचं प्रशिक्षण, मग प्रांत म्हणून कऱ्हाड, फलटणसारख्या ठिकाणी. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ पगार ५६,१०० पासून सुरू. प्रांताला पाणीटंचाई, पुनर्वसन, जमिनीची भांडणं, यात्रेचा बंदोबस्त सगळं बघावं लागतं. मग जिल्हाधिकारी, मग राज्याच्या खात्यांचा सचिव. मधे केंद्रात प्रतिनियुक्ती. तिथे सहसचिवाच्या पॅनेलवर नाव लागलं तर गाडी पुढे, नाही तर राज्यातच. वरच्या टोकाला सचिव आणि सगळ्यांच्या माथ्यावर कॅबिनेट सचिव, मूळ पगार अडीच लाख. इतपत पुतण्याच्या पुस्तकात आहे.

पुस्तकात नसलेलं असं की प्रधान सचिवाचं पद या शिडीवरची पुढची पायरी नव्हेच. तिथे बढतीनं जाता येत नाही. बरेचजण निवृत्त झाल्यावर गेलेत. आत्ताचे पी. के. मिश्रा गुजरात केडरचे १९७२ च्या तुकडीचे. भुजच्या भूकंपानंतर पुनर्वसनाचं काम उभं केलेले. २०१४ मध्ये पीएमओत आले आणि २०१९ च्या सप्टेंबरात प्रधान सचिव झाले. नेमणुकीच्या आदेशात एक वाक्य हमखास असतं: पंतप्रधानांच्या कार्यकाळाइतकीच मुदत. सेवाज्येष्ठता, सीआर म्हणजे गोपनीय अहवाल, पॅनेल सगळं बाजूला. नेत्याचा विश्वास आहे तोवर खुर्ची आहे.

तो विश्वास किती जड असतो याचा नमुना २०१४ चा. नृपेंद्र मिश्र हे आधी ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, अध्यक्ष होते. ट्रायच्या कायद्याप्रमाणे माजी अध्यक्षाला पुन्हा सरकारी नोकरी करता येत नव्हती. नव्या सरकारनं शपथविधीनंतर दोन दिवसांत वटहुकूम काढून कायदाच बदलला आणि त्यांना आणलं. एका माणसासाठी कायदा. मला स्वतःला हे रुचलं नाही. उद्या दुसरं सरकार आपल्या माणसासाठी हेच करेल तेव्हा बोलायला तोंड कुणाला राहणार? पण पंतप्रधान पहिल्याच आठवड्यात इतकी घाई कुठल्या पदासाठी करतात, ते त्यातून कळलं.

म्हणून पुतण्याच्या प्रश्नाचं दुरुस्त उत्तर असं: सनदी सेवेत सर्वांत वरचा कॅबिनेट सचिव. मानाच्या क्रमात मात्र प्रधान सचिवांना २०१९ पासून कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा आहे, त्यामुळे तिथे ते वर. कॅबिनेट सचिव सगळ्या मंत्रिमंडळाचा, प्रधान सचिव एकट्या पंतप्रधानांचा. दोघांचं जमलं तर गाडा सुरळीत, नाही तर खालच्या सचिवांचे हाल.

या सगळ्यात मला सगळ्यात जवळचा वाटतो तो माणूस या खुर्चीत कधी बसलाच नाही.

१९६२ च्या नोव्हेंबरात चीनपुढे आपली फजिती झाली, कृष्ण मेनन यांना संरक्षणमंत्रीपद सोडावं लागलं आणि नेहरूंनी यशवंतराव चव्हाणांना बोलावलं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो. पण देवराष्ट्रात जन्मलेल्या, कऱ्हाडात वाढलेल्या त्या सह्याद्रीला दिल्लीत ओळखणारं कोण होतं? संरक्षण खातं नवं, लष्कराचं मनोबल खचलेलं, आणि दिल्ली बाहेरच्याला सहज आत घेत नाही. त्यांनी खासगी सचिव म्हणून महाराष्ट्र केडरचा एक तरुण अधिकारी सोबत घेतला. राम प्रधान, १९५२ च्या तुकडीचे. कोण सेनानी काय बोलतो, कुठल्या फाइलीत काय दडलंय, कुणाला भेटायचं आणि कुणाला आठवडाभर थांबवायचं, हे बघणारा आपल्या भाषेतला माणूस साहेबांजवळ हवा होता.

यशवंतराव १९६५ च्या युद्धाच्या दिवसांत डायरी लिहीत. ते १९८४ मध्ये गेले. त्यानंतर कितीतरी वर्षांनी ती डायरी छापून लोकांपुढे आणली ती प्रधानांनीच. तोवर ते स्वतः बरंच पुढे जाऊन आले होते. महाराष्ट्राचे मुख्य सचिव झाले, १९८५ मध्ये राजीव गांधींच्या काळात केंद्रीय गृहसचिव. तिथे दीड वर्षात पंजाब, आसाम आणि मिझोराम असे तीन करार झाले. आसामचा १५ ऑगस्ट १९८५ चा, लाल किल्ल्यावरून जाहीर झालेला.

मिझोरामचा ३० जून १९८६ चा. वीस वर्षांचं बंड त्यानं थांबलं. तोच दिवस प्रधानांच्या निवृत्तीचा. आमच्या कचेरीत त्या दिवशी हार, नारळ, शाल आणि सामोसा असतो. त्यांनी सही केली. त्या करारावर पंतप्रधानांची सही नाही. एका बाजूला मिझो बंडखोरांचे नेते लालडेंगा, दुसऱ्या बाजूला आर. डी. प्रधान, गृहसचिव, भारत सरकार, आणि खाली मिझोरामच्या मुख्य सचिवांची.